सिबिल बिघडलेलं असताना घराचं कर्ज: एजंटला पैसे द्यायचे का?

प्रश्न: नमस्कार सर, मी दारव्हा तालुक्यातला, वय ३७. मोबाईल रिपेअरिंग आन झेरॉक्सचं दुकान हाय, बाबाच्या नावानं साडेचार एकर कोरडवाहू. २०१७ ले बोंडअळीनं कापूस गेला तेव्हा माह्या नावावर गाडीचं लोन आन एका फायनान्सचं पर्सनल लोन होतं, दोन्हीचे हप्ते थकले. गाडीचं मागून पूर्ण फेडलं. पर्सनल लोनचे ७८ हजार निघत होते, वसुलीवाला म्हणे ४५ हजारात मिटवून देतो, २०२१ मध्ये भरून टाकले, मले वाटलं संपलं. आता दारव्ह्यात एनए प्लॉट घेतला हाय, बांधकामाले १२ लाख पाहिजे, तर दोन बँकांनी सिबिल ६३८ हाय म्हणून फाईलच घेतली नाही. यवतमाळचा एक एजंट म्हणते २५ हजार अॅडव्हान्स द्या, सिबिल क्लिअर करून लोन पास करून देतो. बायको अंगणवाडी सेविका हाय. द्यावं का पैसे? एजंटाचा खरंच फायदा होते का?

उत्तर: भाऊ, ते २५ हजार देऊ नका. बाकीचं नंतर सांगतो पण हे आधी, कारण असे पैसे एकदा गेले की परत येत नाहीत आणि ज्या कामासाठी तो मागतोय ते काम त्याच्या हातातच नाही. सिबिल रिपोर्टमध्ये, म्हणजे आपण कर्जं कशी फेडली त्याच्या नोंदवहीत, जी खरी नोंद असते ती कोणी पुसू शकत नाही, एजंट नाही, वकील नाही, बँकेचा मॅनेजर पण नाही. नोंद बदलते ती ज्यानं कर्ज दिलं त्या कंपनीनं सुधारित माहिती पाठवली तरच. आणि चुकीची नोंद असेल तर ती दुरुस्त करायला तुम्हाला एक रुपया लागत नाही, अर्ज तुमचा तुम्हीच करायचा असतो.

आता तुमचं खरं दुखणं कुठं आहे ते बघा. तुम्हाला वाटलं ४५ हजारात संपलं, पण कंपनीनं उरलेले ३३ हजार सोडून दिले म्हणून रिपोर्टमध्ये त्या खात्यापुढे 'सेटल्ड' असं आलेलं असणार, 'क्लोज्ड' नाही. बँकवाला ६३८ आकडा बघून फाईल बाजूला ठेवतो हे खरं, पण जो आत वाचतो तो आधी हा शब्द शोधतो, कारण त्याचा अर्थ त्याच्या लेखी एवढाच की या माणसानं मागच्याला पूर्ण पैसे दिले नाहीत. वसुलीवाले लोक हे त्या वेळी सांगत नाहीत, आपल्याकडं कितीतरी जण असे अडकलेत, हाती थोडा पैसा आला की मिटवून टाकतात आणि पाच वर्षांनी घर बांधायला निघाले की कळतं. मला याची फार चीड येते, कारण फेडायची दानत असलेला माणूस यात बदनाम होतो.

म्हणून पहिलं काम, स्वतःचा रिपोर्ट काढा. देशात कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानं प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाईटवर जाऊन काढा, कोणा एजंटच्या मोबाईलवरून ओटीपी देऊन नाही. आपला रिपोर्ट आपण बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही, ही भीती उगाच पसरलीय. ताईंचाही काढा आणि त्यांचा क्रिफ हायमार्कचा जरूर बघा, मायक्रोफायनान्सचं, म्हणजे दर आठवड्याला गावात येऊन वसुली करतात ते गटाचं कर्ज तिथं हमखास दिसतं, आणि शेजारणीसाठी आपल्या नावावर उचललेलं असलं तरी ते आपलंच धरतात. गाडीचं खातं खरंच 'क्लोज्ड' दिसतंय का तेही तपासा, पूर्ण फेडूनही बाकी दाखवणारी खाती मी खूप बघितलीत. तसं असेल तर ऑनलाईन तक्रार टाका, सोबत नो ड्यूजचा, म्हणजे काही बाकी नाही असा कंपनीचा कागद लावा. तक्रार ३० दिवसांत निकाली काढायची असते, नाही काढली तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची असा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरी ऐकलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तेही फुकट.

दुसरं काम, त्या फायनान्स कंपनीला लेखी अर्ज द्या की उरलेली रक्कम भरायची तयारी आहे, भरल्यावर नो ड्यूज द्या आणि खातं 'क्लोज्ड' म्हणून कळवा. आधी लेखी उत्तर घ्या मग भरा, तेही कंपनीच्या खात्यात, वसुलीवाल्याच्या हातात किंवा त्याच्या फोनपेवर नाही. कंपनी वरून व्याज किती मागते त्यावर घासाघीस होऊ शकते. एजंटला द्यायचे २५ हजार इकडे लावा, त्यांचा उपयोग झालेला तुम्हाला कागदावर दिसेल. जुन्या उशिराच्या नोंदी मात्र यानं लगेच जात नाहीत, हा इतिहास निदान सात वर्षं सांभाळला जातो, पण २०१७-१८ च्या तुमच्या नोंदी आता जुन्या झाल्यात आणि जितकं जुनं तितकं त्याचं वजन कमी, अलीकडचे महिने कसे गेले ते जास्त बघतात. सोनं ठेवून छोटं कर्ज किंवा एफडीवरचं क्रेडिट कार्ड घेऊन वर्षभर एकही तारीख न चुकवता फेडलं तर आकडा हळूहळू वर सरकतो. साधारण ७५० च्या वर बँका खुशीनं बोलतात, पण त्याखाली कर्ज मिळतच नाही असं काही नाही.

एक गोष्ट लोक करत नाहीत आणि ती करायला पाहिजे. फाईलसोबत एक साधं पत्र लावा, त्या साली हप्ते का थकले ते. २०१७ साल आपल्या यवतमाळ जिल्ह्याला कसं गेलं, बोंडअळी, त्यात फवारणीची विषबाधा, हे इथल्या शाखेतल्या माणसाला समजावून सांगायची गरज नसते, पण ज्याच्या टेबलावर शेवटी सही होते तो नागपूर-मुंबईत बसलेला असतो. बाबांच्या पासबुकात बोंडअळीच्या अनुदानाची एंट्री असेल तर त्याची झेरॉक्स जोडा. कारण पटलं आणि कागद दिसला तर स्कोअर कमी असलेली फाईल पुढं गेलेली मी पाहिलीय, प्रत्येक वेळी जाते असं मात्र म्हणणार नाही.

आता एजंटाचं. फायदा होतो, पण वेगळ्या ठिकाणी. बँक किंवा हाऊसिंग फायनान्सनं नेमलेला जो एजंट असतो, ज्याला डीएसए म्हणतात, त्याला कमिशन कर्ज देणाराच देतो, तुम्ही द्यायचं नसतं. चांगला डीएसए असेल तर त्याला माहीत असतं की कुठली कंपनी आयटी रिटर्न नसलेल्या दुकानदाराची कमाई यूपीआयची जमा आणि बँक स्टेटमेंट बघून धरते, कुणाचा वकील प्लॉटच्या कागदांवर कुठं अडतो, कोण ६५० च्या खालची फाईल बघतं. तुमच्यासारख्याचं उत्पन्न एका पगारपत्रकात मावत नाही, दुकान, शेती, ताईंचं मानधन असं तीन ठिकाणी विखुरलंय, तिथं असा माणूस खरंच कामाचा आहे. त्याच्याकडं कंपनीचं नेमणुकीचं पत्र मागा, आणि त्या कंपनीच्या ऑफिसात फोन करून खात्री करा. प्रोसेसिंग फी द्यायची ती कंपनीच्या नावानं आणि पावतीनं.

पण त्याला एक बजावून ठेवा, माझ्या परवानगीशिवाय कुठंही फाईल टाकायची नाही. काही जण एकाच आठवड्यात पाच-सहा ठिकाणी अर्ज ढकलतात, प्रत्येक ठिकाणाहून रिपोर्टवर चौकशीची नोंद पडते आणि सहाव्याला वाटतं हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय. आणि खोटी सॅलरी स्लिप, बनावट रिटर्न 'आम्ही लावून घेतो' म्हणाला तर तिथून उठा. सही तुमची असते, गुन्हा तुमच्यावर लागतो, कोऱ्या चेकवर तर सही देऊच नका.

कमी सिबिलवर कर्ज देणारा व्याज जास्त लावतो हेही हिशोबात धरा. १२ लाख, २० वर्षं, ९ टक्क्यांनी हप्ता साधारण १०,८०० येतो, १३ टक्क्यांनी १४,०५० च्या आसपास. फरक महिन्याला सव्वातीन हजार, वीस वर्षांत पावणेआठ लाखांच्या वर. म्हणून माझं मत असं की बांधकाम एक वर्ष पुढं ढकलता येत असेल तर ढकला, त्या वर्षात खातं 'क्लोज्ड' करा आणि ताईंना सहअर्जदार घेऊन जा, त्यांचं मानधन थेट बँकेत येतं, रिपोर्ट स्वच्छ असेल तर त्याचा आधार मोठा आहे. थांबणं शक्यच नसेल तर महाग कर्ज घ्या पण फ्लोटिंग, म्हणजे वर-खाली बदलत्या दराचंच घ्या, त्यावर मुदतीआधी फेडायचा दंड लागत नाही, दोन-तीन वर्षं नीट फेडून स्वस्त बँकेकडं वळवता येतं. सहीआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा, ऑक्टोबर २०२४ पासून ते देणं बंधनकारक आहे, सगळे खर्च धरून खरं व्याज किती पडतं ते त्यात लिहिलेलं असतं. दारव्हा नगरपरिषदेच्या हद्दीत प्लॉट असेल आणि घरच्यांच्या नावावर कुठंच पक्कं घर नसेल तर पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मधल्या व्याज अनुदानाचं पण बँकेत विचारा, पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के आहे.

आणि हप्ता महिन्याला जातो पण कापसाचा पैसा महिन्याला येत नाही. म्हणून निदान तीन हप्ते खात्यात पडून राहतील अशी सोय सुरुवातीलाच करा.

प्रश्न: आर्वी तालुक्यातून. चुलतभावाच्या ट्रॅक्टर लोनले मी जामीन हावो. त्यानं हप्ते थकवले आन मले घराचं कर्ज नाकारलं. मी तर एक पैसा उचलला नाही, मंग माह्या रिपोर्टवर काहून?

उत्तर: दादा, कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, म्हणून ते कर्ज तुमच्याही रिपोर्टवर येतं. नुसतं 'माझा संबंध नाही' म्हणून बँकेला पत्र देऊन उपयोग नाही. भावाला सोबत घेऊन त्या शाखेत जा, थकबाकी एकूण किती ते लेखी घ्या. खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीत, झालं असेल तर एक-दोन हप्ते भरून ते नियमित होत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. मग बँकेला दुसरा जामीनदार द्या आणि तुमचं नाव काढल्याचं पत्र हातात पडल्याशिवाय विषय सोडू नका. भाऊ भरतच नसेल आणि घरापायी तुम्हालाच भरावं लागलं तर बँकेकडून तुमच्या नावानं पावती घ्या, ती रक्कम भावाकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला कायद्यानं आहे. नात्यात हे बोलायला जड जातं, तरी भरायच्या आधी चार माणसांसमोर कागद करून घ्या.