तिसरं शास्त्र आणि तोंडी परवानगी

"माई, विषयांचा फॉर्म येत्या गुरुवारी द्यायचा आहे आणि घरात तिघांची तीन मतं. लेकीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी तिन्ही हवीत, कारण डॉक्टर व्हायचं तर बांबोळीलाच, गोवा मेडिकल कॉलेजात, असं तिच्या डोक्यात बसलंय. आयबीत तिन्ही बसत नाहीत असं ऐकलं होतं. पण शाळा म्हणते, खास परवानगी मिळते, होऊन जाईल."

दोह्याहून आलेल्या पत्रातल्या या ओळी. कुटुंब मूळचं फोंड्याचं, लेक सोळाची, ऑगस्टपासून आयबी डिप्लोमा, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा बारावीच्या तोडीचा अभ्यासक्रम, सुरू. पुढे पत्रात सासूबाई आहेत, मराठी आहे, पासपोर्ट आहे. पण वहिनी, मी तुमच्या त्या 'होऊन जाईल'पाशीच अडले. कोण म्हणालं? कधी म्हणालं? लिहून दिलं का? "शाळेच्या आयबी कोऑर्डिनेटर स्वभावानं फार चांगल्या आहेत" एवढं मात्र तुम्ही आवर्जून कळवलंत. असतील हो. त्यांचा स्वभाव आयबीच्या दप्तरी जमा होत नाही.

आधी हिशेब बघू. डिप्लोमाला विषय सहा. साहित्याची भाषा, दुसरी भाषा, इतिहास-अर्थशास्त्र-भूगोलाचा म्हणजे समाजशास्त्रांचा गट, विज्ञान आणि गणित, या पाचांतून एकेक घ्यावाच लागतो. सहावा कलेचा, आणि कला नको असेल तर भाषा, समाजशास्त्रं किंवा विज्ञानातून आणखी एक. म्हणजे विज्ञानाचे दोन विषय आरामात बसतात. तिसरा आणायचा तर कुणाला तरी उठवावं लागतं, आणि उठतो तो बहुतेक वेळा इतिहास-अर्थशास्त्राचा गट. गणित उठत नाही, हेही ऐकून ठेवा. आपल्याकडे बारावीला "बायो घेतलं, गणित सुटलं" म्हणतात, तसं इथे नाही.

अशा जुळणीला नॉन-रेग्युलर डिप्लोमा म्हणतात. तेव्हा शाळा खोटं सांगत नाहीये. पण ही सवलत आवडीनिवडीसाठी नाही. पुढच्या शिक्षणसंस्थेत प्रवेशासाठी हेच विषय लागतात असा लेखी पुरावा असेल, तरच एका विषयाची अदलाबदल मागता येते. एकाच. थिअरी ऑफ नॉलेज, चार हजार शब्दांचा एक्स्टेंडेड एसे हा निबंध आणि कॅस, म्हणजे कला-खेळ-सेवेचे उपक्रम, हे सगळ्यांना सक्तीचं, यांतून सूट नाही. अर्ज तुम्ही करायचा नसतो, शाळा पुराव्यासकट आयबीकडे पाठवते आणि मंजुरी तिथून येते. "तिला इतिहासाचा कंटाळा येतो" हे कारण तिथे चालत नाही. "नीटचा अभ्यास हलका होईल" हेही नाही.

आता तुमची बाजू मुळात भक्कम आहे आणि तरी तुम्ही हात बांधून बसला आहात, याचा मला राग येतो. एमबीबीएससाठी नीट लागते. नीटच्या पात्रतेत फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी आणि इंग्रजी हे विषय स्पष्ट लिहिलेले असतात. नॅशनल टेस्टिंग एजन्सी दरवर्षी माहितीपत्रक काढते, त्यात बघा. गोव्याच्या जागांचे प्रवेश पर्वरीचं तंत्रशिक्षण संचालनालय करतं, त्यांचंही माहितीपुस्तक असतं. दोन्ही उतरवून घ्या, पात्रतेच्या पानांवर खूण करा, आणि आज रात्री कोऑर्डिनेटरबाईंना ईमेल करा. तीनच गोष्टी विचारा: तुम्ही नॉन-रेग्युलरचा अर्ज पाठवणार का, कधी पाठवणार, आणि आयबीचं उत्तर येईपर्यंत लेकीनं कोणत्या वर्गांना बसायचं. तिसरा प्रश्न विसरू नका, मुलं तिथेच लोंबकळतात.

माझ्या नणंदेचा मुलगा मस्कतला असाच लोंबकळला. त्यालाही तिन्ही शास्त्रं हवी होती, त्यालाही शाळेत कुणीतरी हसतमुखानं होकार दिला होता. त्यानं अर्थशास्त्राच्या वर्गात पाऊल टाकलं नाही. सहामाही उलटल्यावर कळलं की अर्ज गेलाच नव्हता, कारण सोबत जोडायला कागद कुणी दिला नव्हता, आणि तो मागायचा कुणी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग पोरानं सुट्टीत बसून बुडालेलं अर्थशास्त्र भरून काढलं आणि फिजिक्स सोडलं. आज तो आयर्लंडमध्ये फिजिओथेरपी करतो, सुखात आहे. पण नणंद अजून त्या बाईंचं नाव काढलं की जेवणावरून उठते.

आमचे मामंजी म्हणायचे, एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्याच्या सातबाऱ्यावर, नाव लागेपर्यंत जमीन आपली म्हणू नये. त्यांच्या चुलतभावानं बागायत तोंडी दिली होती, साक्षीला अर्धा वाडा होता. पुढे भाऊ गेले, साक्षीदारही गेले, आणि बागायतीचं काय झालं ते फोंड्याच्या कुणालाही विचारा. आम्ही आखातात असताना शाळेतून आलेली चिठ्ठीसुद्धा ह्यांच्या हिरव्या फायलीत जायची. मी तेव्हा हसायचे. मुलांच्या प्रवेशाच्या वेळी तीच फाईल उघडावी लागली.

तुमच्या भावजींनी सुचवलेली पळवाटही तपासून बघू. "पर्यावरणाचा विषय दोन गटांत धरतात, तो घेतला की जागा सुटते." एन्व्हायर्नमेंटल सिस्टिम्स अँड सोसायटीज विज्ञानातही मोजतात आणि समाजशास्त्रांतही, हे खरं. पण बोटांवर मोजा: दोन भाषा, गणित, पर्यावरण, झाले चार. उरले दोन. तिन्ही शास्त्रं तरीही बसत नाहीत. लंडनच्या भावजींना सांगा, बेरीज चुकली.

दुसरी वाट सातव्या विषयाची. शाळा तयार असेल तर नियमित सहा विषय ठेवून तिसरं शास्त्र जादा विषय म्हणून घेता येतं. त्याचा ग्रेड मिळतो, डिप्लोमाच्या गुणांत तो धरत नाहीत. मंजुरीची टांगती तलवार नको असेल तर हा मार्ग सरळ आहे, पण हायर लेव्हलचा एक विषय म्हणजे २४० तास आणि स्टँडर्डचा १५०. सातवा विषय म्हणजे झोपेचे तास. लेकीची प्रकृती तुम्हाला माहीत, मला नाही. आणि तीन शास्त्रांपैकी कोणतं कुठल्या लेव्हलला चालेल, हे शाळेला विचारू नका. शाळेला तिचे नियम माहीत असतात, भारताचे नव्हेत. आयबीला बारावीशी समकक्ष ठरवणारी संस्था दिल्लीची भारतीय विश्वविद्यालय संघ. त्यांना विचारा, लेखी.

ह्यात एक गोम आहे, ती पत्रात कुणालाच सुचलेली दिसत नाही. तिन्ही शास्त्रांचा हट्ट मुख्यतः भारतासाठी. ब्रिटनमधली बरीच मेडिकल कॉलेजं केमिस्ट्री आणि बायॉलॉजी हायरला मागतात, फिजिक्सवाचून त्यांचं अडत नाही. जर्मनीत तर उलट, आयबी मान्य करताना समाजशास्त्रांतला विषय बघतात, म्हणजे इतिहास-अर्थशास्त्र काढून टाकलेला डिप्लोमा तिथे अडचणीत येऊ शकतो. तुम्ही लिहिलंय, "सगळी दारं उघडी राहायला हवीत." वहिनी, परदेशात राहणाऱ्या आपल्या सगळ्यांना हा रोग आहे, गोव्याचं घर बंद करायचं नाही आणि इथलं भाडं चुकवायचं नाही. नॉन-रेग्युलर डिप्लोमा म्हणजे एक दार निवडणं. बांबोळी नक्की असेल तर घ्या. "बघू नंतर" असेल तर दोन शास्त्रं आणि अर्थशास्त्र घेऊन गप्प बसा.

तारखांचंही बघा. नीट बहुतेक मे महिन्याच्या पहिल्या रविवारी येते, म्हणजे आयबीच्या लेखी परीक्षा ऐन भरात असताना. आखातात नीटची केंद्रं असतात, तेवढा एक विमानप्रवास वाचेल. नीटचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या वळणाचा, आयबीचा वेगळ्या वळणाचा. दोन्ही एकाच वेळी ओढणारी मुलं आहेत, पण ती गणपतीत महिनाभर फोंड्याला येत नाहीत. हेही सासूबाईंना आत्ताच सांगून टाका.

बाकीच्या गोष्टी पटापट.

"ह्यांचं पोर्तुगीज पासपोर्टचं काम सुरू करतोय, मुलांना तेवढंच बरं." या ओळीवर मी कपाळाला हात लावला. लेकीनं तिथलं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व गेलं, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड. केंद्र सरकारच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे ओसीआय मुलांना नीटमध्ये अनिवासी भारतीयांसारखं धरतात, फक्त भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या जागा त्यांना मिळत नाहीत. एकाच घरात एका टेबलावर बांबोळी आणि दुसऱ्यावर लिस्बन चाललंय, आणि दोन टेबलं एकमेकांशी बोलत नाहीत. आज रात्री बोलवा.

मराठीचं. फ्रेंचऐवजी मराठी साहित्य स्वयंअध्ययनानं घेता येतं, स्टँडर्ड लेव्हलला. शाळेची तयारी हवी आणि आयबीला आधी कळवावं लागतं. इंग्रजी साहित्यासोबत दोन्हीत निदान तीनचा ग्रेड मिळाला तर द्विभाषिक डिप्लोमा. घरी कोकणी बोलता म्हणून लाजू नका, गोव्यात घरात कोकणी आणि वाचायला मराठी हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. पण आजोबांच्या सांगण्यावरून दोन आरत्या पाठ आहेत, एवढ्या भांडवलावर साहित्याचा पेपर निघत नाही. तीन शास्त्रांबरोबर तर मी म्हणेन, फ्रेंचच बरी.

आणि सासूबाईंचं, "नातीला अकरावी-बारावीला माझ्याकडे पाठवा." तुम्ही हे थट्टेवारी नेलंत. मला ते पत्रातलं सर्वांत व्यवहारी वाक्य वाटलं. गोवा बोर्डाला तिन्ही शास्त्रं न मागता मिळतात, आणि राज्याच्या जागांना गोव्यातल्या वास्तव्याच्या आणि शिक्षणाच्या अटी असतात. त्या अटीत तुमची लेक दोह्यात राहून बसते का, ते त्याच पर्वरीच्या पुस्तकात बघा. बसत नसेल तर आयबीची सगळी धावपळ कशासाठी, हा प्रश्न घरात निघेल. निघू दे. सोळा वर्षांची बाय, दोन वर्षं आजीकडे राहायला तिची तयारी आहे का ते तिलाच विचारा, तुमच्या पत्रात तिचं त्यावर एक अक्षर नाही.

कोऑर्डिनेटरबाईंचं उत्तर आलं की ते जसंच्या तसं मला पाठवा. फोनवर सांगितलं असेल तर पाठवू नका.