प्लगइन लावूनही व्होकल जुन्या कॅसेटसारखं का वाटत नाही?

तुम्ही विचारलंय की रेकॉर्ड केलेल्या गळ्याला (व्होकलला) कॅसेटचं प्लगइन, म्हणजे कॅसेटसारखा आवाज करून देणारं छोटं सॉफ्टवेअर लावलं, खरखर टाकली, तरी आवाज खोटाच वाटतो. मला वाटतं घोळ प्लगइनचा नाही, गाण्याचा आहे. आधी एकदम स्वच्छ, शब्द न् शब्द कळेल असं गायचं आणि मग वरनं खरखर ओतायची, हे कानाला लगेच कळतं. आवाज कुठं बिघडवायचा ते आधी ठरवा आणि त्या हिशोबानं गा.

म्हणजे बघा, ईक्यू, म्हणजे आवाजातला कुठला भाग ठेवायचा न् कुठला कापायचा ते ठरवणारं साधन, लावून जुन्या टेलिफोनसारखा ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा ठेवला की 'स' जवळपास गायबच होतो, कारण त्याचा जोर ४००० च्या वर असतो, मग शब्द पुसट होतात पण स्वर तसेच राहतात. तर मग स्वरांवरच गा की! आपल्या कोल्हापुरात गवई अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते, त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी इथं रुजली, तिचा तो मोकळा आकार, म्हणजे 'आ' लावून गायलेला स्वर, इथल्या जुन्या मैफिलींच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐका, कितीही खराब प्रिंट असूदे, आकार लई भारी टिकतो. इलेक्ट्रॉनिकवाल्यांनी हे शिकण्यासारखं आहे असं माझं ठाम मत आहे.

दुसरं, वेग. ट्रॅक साधारण १२ टक्के फास्ट करा, म्हणजे पेटीवरच्या काळी एक पट्टीतलं गाणं काळी दोनमध्ये वाजेल, त्यावर गा आणि मग सगळंच मूळ वेगावर आणा. नुसता सूर उतरवणारा इफेक्ट नको, वेग आणि सूर एकदमच खाली आले पाहिजेत, तेव्हाच गळा मोठा झाल्यासारखा जड आवाज येतो. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हे फुकटात होतं.

आणि माझ्या सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे खोली. अमेरिकेतले संगीतकार अ‍ॅल्विन लुसिए यांनी १९६९ मध्ये 'आय अ‍ॅम सिटिंग इन अ रूम' केलं, आपलं बोलणं रेकॉर्ड करून त्याच खोलीत वाजवायचं, ते परत रेकॉर्ड करायचं, परत वाजवायचं, असं करत करत शब्द विरघळतात आणि त्या खोलीला जे सूर मानवतात तेवढेच घुमत राहतात. पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्यातली रिकामी खोली मिळाली तर सोडू नका, गाद्या-पडदे असलेली खोली मात्र उपयोगाची नाही, आवाज पिऊन टाकते. एका कोपऱ्यात स्पीकर, समोरच्या कोपऱ्यात मोबाइल, आणि प्रत्येक फेरी वेगळी सेव्ह करा, कारण बऱ्याचदा मधलीच एखादी, जिथं शब्द अर्धवट कळतात, ती गाण्यात सगळ्यात चांगली बसते.

फक्त मोबाइलचं नॉइज रिडक्शन बंद करता येईल असं रेकॉर्डिंग अ‍ॅप घ्या, नाहीतर जे घुमणं पाहिजे तेच फोन गोंगाट समजून कापून टाकतो.