कॉफीच्या बिया घरी भाजाव्यात का?

प्रश्न : आमच्याकडे रोज सकाळी फिल्टर कॉफी होते. चिकमगळूरच्या सहलीत एका मळ्यावरून अरेबिकाच्या अर्धा किलो कच्च्या बिया आणल्या आहेत. शेंगदाण्यांप्रमाणे त्या कढईत भाजता येतील का? आणि नेहमीच असे करणे परवडेल का?
– एक वाचक, अमरावती

उत्तर : आणलेल्या बिया अवश्य भाजा, नेहमीसाठी हा खटाटोप करायचा की नाही, हे मात्र पैशांच्या हिशेबाने ठरवू नका. कच्च्या बिया स्वस्त पडतात हे खरे, परंतु भाजताना पाणी निघून जाऊन वजन साधारण १५ टक्क्यांनी घटते आणि एखादा घाणा करपला की उरलीसुरली बचतही जाते. खरा लाभ ताजेपणाचा आहे. कच्च्या बिया कोरड्या जागी काही महिने टिकतात, भाजलेल्यांचा सुगंध काही आठवड्यांत उतरतो आणि दळलेल्या पुडीचा तर त्याहून लवकर.

शेंगदाणे जरा कमीजास्त भाजले तरी खपून जातात; कॉफी ती मुभा देत नाही. जाड बुडाच्या कढईत एका वेळी १००–१५० ग्रॅमच बिया घ्याव्यात आणि हात थांबवू नये, कारण बुडाला टेकलेली बाजू आधी करपते. हिरवट बिया पिवळ्या, मग तपकिरी होतात आणि बीचे तापमान २०० अंशांच्या आसपास गेले की आतल्या वाफेच्या दाबाने त्या मोठ्याने तडतडू लागतात. पुढे थोडी शांतता जाऊन दुसरी, बारीक तडतड सुरू होते. फिल्टर कॉफीसाठी तिच्या आरंभीच कढई उतरवावी, नाहीतर तेल वर येऊन कडवटपणा वाढतो. उतरवल्यावरही बिया आतल्या उष्णतेने भाजत राहतात, म्हणून त्या लगेच स्टीलच्या चाळणीत ओतून पंख्याखाली हलवाव्यात. सुटलेले पापुद्रे सुपात घेऊन गॅलरीत पाखडावेत. ओट्यावर हे काम केल्यास ते दिवसभर घरभर सापडतात. धूरही बराच होतो, तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात.

भाजल्या दिवशीच कॉफी करण्याची घाई नको. बियांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. दोन-तीन दिवसांनी दळल्यास चव अधिक नितळ लागते.

आता नेहमीचे. आपण चिकोरी (एका झाडाचे भाजून दळलेले मूळ) घातलेली पूड वापरता का, हे पत्रात नाही. पण उत्तर त्यावरच अवलंबून आहे. बाजारच्या मिश्रणात चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते, आणि तशी कॉफी भरपूर दूध-साखरेसह आवडत असेल, तर घरी भाजण्याने पडणारा फरक तिच्याखाली झाकला जाईल. अशा घराने चांगल्या दुकानातून ताजी पूड थोडी थोडी आणावी. निव्वळ कॉफी पीत असाल आणि पंधरवड्यातून एक सकाळ कढईपाशी उभे राहण्याची तयारी असेल, तर जरूर भाजत जा. बियांसाठी दर वेळी कर्नाटकात जाण्याचेही कारण नाही; आपल्याच जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफी पिकते, तिथे चौकशी करून पाहावी.