पैगंबर म्हणजे भविष्य सांगणारा का? यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम या तिन्ही धर्मांत त्याचा अर्थ एकच आहे का?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. पैगंबर म्हणजे पुढचं ओळखणारा माणूस का, आणि तिन्ही धर्म अब्राहाम, मोशे, दावीद ही तीच नावं घेतात तर मग अडतं कुठे? हे ग्रंथ मी बरीच वर्षं शेजारी शेजारी ठेवून वाचतो आहे. दोन्ही प्रश्न आले की मी एकाच माणसाकडे वळतो. बायबलमध्ये त्याचं नाव योना, कुराणात यूनुस.

देव योनाला निनवेला जायला सांगतो. निनवे म्हणजे अश्शूरांचं महानगर, आजच्या इराकमधल्या मोसूलपाशी, आणि इस्राएलच्या दृष्टीने शत्रूचं. योना उलट दिशेला जाणारं जहाज पकडतो. वादळ होतं, त्याला समुद्रात फेकलं जातं, मोठा मासा त्याला गिळतो आणि ३ दिवसांनी किनाऱ्यावर ओकून टाकतो. मग तो निनवेत जाऊन पुकारतो, की ४० दिवसांनी हे शहर उलथून पडेल. राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो, माणसांबरोबर गुराढोरांनाही उपास घडतो, लोक दुष्टपणा सोडतात. आणि शहर पडत नाही.

भाकीत खरं झालं नाही, तरी योना खोटा ठरला नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण तोरामध्येच, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत ('अनुवाद' नावाचं पुस्तक, अध्याय १८), कसोटी दिली आहे, की संदेष्ट्याने, म्हणजे पैगंबराने, सांगितलेलं घडलं नाही तर ते देवाचं बोलणं नव्हे. १२व्या शतकातल्या मायमोनिडीस या यहुदी विद्वानाने यातली गाठ सोडवली. संकटाचा इशारा टळला तर संदेष्टा खोटा ठरत नाही, कारण लोक पश्चात्ताप करू शकतात आणि देव दयाळू आहे. चांगल्याचं वचन मात्र पूर्ण झालंच पाहिजे. त्याच पुस्तकाच्या १३व्या अध्यायात दुसरी बाजू येते. एखाद्याने सांगितलेली खूण अगदी खरी झाली, पण तो परक्या देवांकडे चला म्हणत असेल, तर त्याचं ऐकू नका. भविष्य बरोबर येणं ही संदेष्ट्याची पुरेशी खूण नाही.

मग त्याचं काम काय? नाथान दावीद राजापुढे उभा राहतो. राजाने दुसऱ्याची बायको घेतलेली असते आणि तिच्या नवऱ्याला रणात मरायला पाठवलेलं असतं. नाथान त्याला एका गरिबाची एकुलती एक मेंढी श्रीमंताने हिसकावून नेल्याची गोष्ट सांगतो. राजा संतापतो, तेव्हा नाथान म्हणतो, 'तो माणूस तूच आहेस.' पुढे तो शिक्षाही सांगतो, पण प्रसंगाचा जीव त्या एका वाक्यात आहे. हाताशी ना फौज, ना दुसरा कुठला आधार. यहुदी परंपरेतला संदेष्टा मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. मेंढरं राखणारा आमोसही असाच बेथेलच्या राजमंदिरात जाऊन गरिबांना विकणाऱ्यांवर तुटून पडतो. तालमूद हा यहुदी धर्मचर्चेचा ग्रंथ ४८ संदेष्टे आणि ७ संदेष्ट्री मोजतो (मिर्याम, दबोरा, हुल्दा त्यांतल्या), आणि हाग्गय, जखऱ्या, मलाखी यांच्यानंतर हे दार बंद झालं असं मानतो. त्यानंतर देवाची इच्छा शोधायची ती तोराचा अभ्यास आणि वाद करून. योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारी मात्र सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळात, आजही योनाचं अख्खं पुस्तक वाचतात. विषय पश्चात्तापाचा आहे.

ख्रिस्ती वाचनात हीच गोष्ट वेगळी दिसू लागते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायात लोक येशूंकडे चिन्ह मागतात, तेव्हा ते म्हणतात की योनाच्या चिन्हाशिवाय दुसरं मिळणार नाही. योना ३ दिवस माशाच्या पोटात होता, तसा मनुष्याचा पुत्र, म्हणजे ते स्वतः, भूमीच्या पोटात राहील. पुढे, 'योनापेक्षा थोर असा कोणी येथे आहे.' म्हणजे योनाचं बोलणंच नव्हे, त्याच्यावर जे गुदरलं तेही भविष्यवाणी झालं. जुना करार असा पुढच्या एका व्यक्तीकडे बोट दाखवतो. यशयाच्या पुस्तकातल्या ५३व्या अध्यायातला दुःख सोसणारा सेवक ख्रिस्ती लोकांना येशू वाटतो, तर राशीसारख्या यहुदी भाष्यकारांना इस्राएलची जनता. ग्रंथांच्या मांडणीतही हे उमटलं आहे. यहुद्यांचं बायबल, म्हणजे तनख, सहसा इतिहासाच्या पुस्तकाने संपतो, ख्रिस्ती जुना करार मलाखीने, म्हणजे एलीया संदेष्टा येणार या आशेवर.

पण ख्रिस्ती धर्मात भविष्यवाणी तिथेच थांबली असंही नाही. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो की संदेश देणारा लोकांची उभारणी करतो, त्यांना धीर देतो, सांत्वन करतो. फिलिप्पाच्या ४ मुली संदेश देत असत. आरंभीच्या मंडळ्यांना भोंदूंचाही त्रास झाला असणार, कारण 'दिदाखे' या जुन्या पुस्तिकेत नियमच आहे, की फिरता संदेष्टा ३ दिवस राहिला किंवा पैसे मागू लागला तर तो खोटा. मला हा नियम फार आवडतो.

आता कुराण. १०व्या सूरेला यूनुसांचंच नाव आहे, आणि तिच्या ९८व्या आयतीत त्यांच्या लोकांचा वेगळा उल्लेख आहे, की त्यांनी ईमान आणलं आणि त्यांच्यावरची शिक्षा हटवली गेली. येशूंचं वरचं वाक्य लक्षात ठेवून ही हदीस, म्हणजे मुहम्मद पैगंबरांचं परंपरेने आलेलं वचन, वाचा: मी यूनुस बिन मत्तापेक्षा श्रेष्ठ आहे असं कोणी म्हणू नये. ताइफ गावात दगडांचा मार खाऊन एका बागेत बसलेल्या मुहम्मद पैगंबरांची अद्दास नावाच्या ख्रिस्ती गुलामाशी गाठ पडते. तो निनवेचा निघतो, तेव्हा ते यूनुसांबद्दल म्हणतात, तो माझा भाऊ, तो नबी (पैगंबर) होता आणि मीही नबी आहे. सीरा, म्हणजे पैगंबरांच्या चरित्रग्रंथांतला हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचतो. इस्लाममध्ये सगळे पैगंबर एकाच संदेशाचे वाहक आहेत, त्यांच्यात फरक करू नका असं कुराण सांगतं. २५ जणांची नावं देतं आणि इतरही होते म्हणतं. भविष्याबाबत तर थेट सांगून टाकलंय: मला गैब, म्हणजे अदृश्य, कळतं असं मी म्हणत नाही (६:५०). देवाने कळवलं तेवढंच.

इथेच मोठा फरकही पडतो. इस्लामी विद्वान पैगंबरांना मोठ्या पापांपासून सुरक्षित मानतात, म्हणून दावीदच्या व्यभिचाराची कथा त्यांना मान्य नाही. कुराणातही दाऊदांपुढे (म्हणजे दावीदपुढे) मेंढ्यांचाच तंटा येतो, ते क्षमा मागतात, पण परक्या बायकोचा उल्लेख नाही. यहुदी परंपरा आपल्या थोरांचे दोष उघडे ठेवते आणि त्यांच्याशी वाद घालते. इस्लाम पैगंबरांचं जगणं अनुकरणासाठी समोर ठेवतो, त्यामुळे ते निर्मळ असावं लागतं.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. अडतं ते शेवट कुणापाशी यावर. यहुद्यांसाठी मलाखीनंतर संदेष्टा नाही, म्हणून येशू आणि मुहम्मद दोघंही त्या मालिकेत बसत नाहीत. ख्रिस्ती लोकांसाठी देव पूर्वी संदेष्ट्यांमधून बोलला आणि आता पुत्रामधून, त्यामुळे त्यानंतर नव्या ग्रंथाला जागा उरत नाही. मुसलमानांसाठी ईसा, म्हणजे येशू, मरियमचे पुत्र, मसीहा आणि मोठे पैगंबर आहेत, पण देवाचे पुत्र नव्हेत. आणि मालिकेवरची मोहोर मुहम्मद आहेत (३३:४०). या मोहोरेचा अर्थ इस्लामच्या आतही किती नाजूक आहे ते अहमदिया पंथाच्या बाबतीत दिसतं. कादियानचे मिर्झा गुलाम अहमद हे मुहम्मदांच्या अधीन राहून नबी होते, असं त्यांच्यातला मोठा गट मानतो. एवढ्या एका मुद्द्यावर पाकिस्तानने १९७४ मध्ये घटनादुरुस्ती करून त्यांना बिगरमुस्लिम ठरवलं.