‘माझ्या वजनामुळेच झाला ना हा कॅन्सर?’

हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकू येतो. कुणी सरळ विचारतं, कुणी आडवळणाने. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार घेणाऱ्या बायकांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं काम. त्यातल्या 61 वर्षांच्या एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

ऑपरेशन झालं होतं, रेडिएशन संपलं होतं, लेट्रोझोलची गोळी रोज सुरू होती. रिपोर्ट चांगले होते, तरी झोप उडालेली. मुलगी म्हणाली, “आई रात्री उठून पाय दाबत बसते.” मला वाटलं, पाय दुखत असतील. ताईंनी पाय पुढे केला, नडगीवर अंगठा रोवून धरला आणि उचलला. “बघा, खड्डा पडत नाही. मग सूज आहे तरी कुठे?”

डॉक्टर त्यांना सांगून गेले होते, की वाढलेल्या चरबीत सूज असते आणि ती या आजाराला खतपाणी घालते. सांगितलं ते बरोबरच होतं. पण सूज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सुजलेला पाय नाहीतर सुजलेला गाल येतो. ताई रोज ती सूज शोधत होत्या. त्यात नणंद फोनवर बोलून गेली, “वजन आधीच आवरलं असतंस तर ही वेळ आली नसती.” ते वाक्य त्यांच्या मनात रुतून बसलं होतं.

पहिल्या भेटीत मी चटकन म्हणून गेले, “ताई, यात तुमचा काही दोष नाही.” त्यांनी मान हलवली आणि पर्सची चेन उघडमीट करत राहिल्या. पटलं नव्हतं. पटणार तरी कसं? एकीकडे डॉक्टर म्हणतात वजनाचा संबंध आहे, दुसरीकडे मी म्हणते दोष नाही. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे मी सांगितलंच नव्हतं. नुसता धीर दिला तर तो घरी पोचेपर्यंतही टिकत नाही, असा माझा अनुभव आहे. खरं काय ते नीट सांगितलं तर माणूस सावरतो.

म्हणून दुसऱ्या भेटीत आधी त्या शब्दाचाच गुंता सोडवला. ही सूज बोटाला लागत नाही, दुखत नाही, तिने ताप येत नाही. चरबीच्या पेशी फार फुगल्या की त्यांना रक्त आणि प्राणवायू पुरत नाही. काही पेशी मरतात. ती घाण उपसायला मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी येतात आणि मेलेल्या पेशीभोवती कडं करून बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते कडं मुकुटासारखं दिसतं, म्हणून त्याला नावही तसंच पडलं आहे. जखम झाली की या पेशी येतात, काम उरकतात आणि पांगतात. इथे मात्र काम संपतच नाही. त्या वर्षानुवर्षं रसायनं सोडत राहतात. स्तनात मुळातच चरबी भरपूर, त्यामुळे हा सगळा प्रकार गाठ जिथे धरू शकते तिथेच चाललेला असतो.

त्या रसायनांमुळे चरबीतलं अ‍ॅरोमाटेज हे एन्झाइम वाढतं. पाळी गेल्यावर अंडाशयातून इस्ट्रोजेन येणं जवळपास थांबतं आणि ते मुख्यतः चरबीत तयार होतं, याच एन्झाइमच्या मदतीने. ताईंची गाठ इस्ट्रोजेनवर पोसणारी होती. मी विचारलं, “तुमची रोजची गोळी काय करते माहीत आहे? ती याच अ‍ॅरोमाटेजला अडवते.” ताईंनी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली आणि उलटसुलट करून बघितली. सहा महिने घेत होत्या, पण ती नेमकं काय करते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग मूळ प्रश्न. पाळी गेल्यानंतर लठ्ठपणामुळे स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हे पक्कं आहे. 2016 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने लठ्ठपणाशी जोडलेल्या 13 कॅन्सरमध्ये त्याचा समावेश केला. पण धोका वाढणं हे हजारो बायकांचा हिशेब मांडल्यावर दिसतं. एका बाईची गाठ हातात घेऊन ‘ही वजनामुळेच झाली’ असं जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, की जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये बाई असणं आणि वय याखेरीज धोक्याचं कुठलंच ठळक कारण सापडत नाही. ताई थोडं थांबून म्हणाल्या, “रेडिएशनला माझ्या शेजारी एक बाई बसायच्या. काडीसारख्या होत्या.” पुढे त्या काही बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही.

मुलीने विचारलं, “मग सूज उतरवायची गोळी दिली तर?” चांगला प्रश्न होता. तीन हजारांहून जास्त रुग्णांना घेऊन हे तपासून झालं आहे. रोज 300 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन देऊनही आजार परतण्याचं प्रमाण कमी झालं नाही, आणि तो प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला. निकाल 2024 मध्ये आले. तेव्हा अशी गोळी मनाने सुरू करू नका. रक्तस्रावाचा धोका फुकट पदरात पडतो.

वजनाचं मात्र करण्यासारखं आहे. पाळी गेलेल्या 61 हजारांहून जास्त बायकांच्या एका मोठ्या पाहणीत, तीन वर्षांत 5 टक्के किंवा जास्त वजन उतरलेल्यांमध्ये हा कॅन्सर 12 टक्क्यांनी कमी आढळला. 80 किलोच्या बाईला 5 टक्के म्हणजे 4 किलो. अर्थात त्या बायकांना तोवर हा कॅन्सर झालेला नव्हता. तो होऊन गेल्यावर ‘वजन उतरवा म्हणजे परतणार नाही’ अशी हमी मी कुणालाच देत नाही. पण नियमित चालण्याने उपचारांनंतरचा थकवा कमी होतो, इन्सुलिन आणि रक्तदाब ताळ्यावर येतात, हे नक्की. उपचारांच्या काळात वजन वाढतं ते स्टेरॉइडमुळे, थकव्यामुळे, हालचाल कमी झाल्यामुळे. त्याला आळस म्हणू नका. आणि उपचार चालू असताना उपासमार तर अजिबात नको.

जाताना एवढंच सांगितलं, की अंगठा दाबायचाच असेल तर ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हातावर दाबा. काखेतल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढल्या की त्या हाताला खरीखुरी सूज येऊ शकते, आणि ती लवकर कळलेली बरी. एकाच पायाला अचानक सूज आली, तर मात्र माझ्याकडे न येता थेट डॉक्टरांकडे जा.

दोन महिन्यांनी ताई वेळ न घेताच आल्या. म्हणाल्या, “डाव्या हाताची बाही घट्ट होतेय. दाबून बघितलं, खड्डा पडतोय.” सूज अगदी थोडी होती. त्याच दुपारी त्यांना फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.