तुमचे प्रश्न: पहिल्याच ओळीत मणी पिळतात, काय करू?

प्रश्न : ताई, नुसतं ओवायला मला चांगलं जमतं, पण आता सुईने विणून गळ्यातलं करायचंय. पेयोटी टाक्याने (एक मणी सोडून पुढच्यातून सुई काढत विणतात तो) पट्टी सुरू केली, तर पहिल्या दोन ओळीतच मणी पिळ खातात आणि पुढे विणलं की मधून दोरा दिसतो. तीनदा उसवलं. माझा हातच नाहीये का यात?

उत्तर : अगं, हात आहे, उसवायची घाई आहे फक्त! पेयोटीत पहिले 10 मणी ओवतेस ना, त्यांच्या एक नाही तर दोन ओळी होतात हे आधी डोक्यात बसव. मग 11वा मणी घ्यायचा, 10वा सोडून 9व्यातून सुई काढायची, परत एक घ्यायचा, 8वा सोडून 7व्यातून, असं करत शेवटपर्यंत. या फेरीत ते सगळं गांडुळासारखं वळवळतंच, माझं अजूनही वळवळतं. आणखी एक-दोन फेऱ्या झाल्या की मणी आपोआप विटांसारखे बसतात, त्यामुळे तिथवर कितीही राग आला तरी उसवू नकोस.

दोरा दिसतो तो ताण सैल असल्यामुळे. सुरुवातीला दोऱ्याच्या टोकाशी साधारण 15 सेंटिमीटर सोडून एक वेगळ्या रंगाचा मणी ओव आणि त्यातून सुई परत एकदा फिरव, गाठ नको. तो मणी बाकीच्यांना धरून ठेवतो, नंतर काढून टाकायचा. आणि दर टाक्याला दोरा ओढून डाव्या हाताच्या अंगठ्याखाली दाबून धर, कारण चार टाके घालून मग एकदम ओढलं तर मागचे टाके सैल ते सैलच राहतात.

मणी कुठले घेतलेस ते लिहिलं नाहीस. 15 नंबरचे असतील तर आत्ताच बाजूला ठेव. यात नंबर जितका मोठा तितका मणी बारीक, 11 नंबरचा साधारण 2 मिलिमीटर, 8चा 3 मिलिमीटर. शिकायला 8चे घे आणि दोन ठळक वेगळे रंग घे म्हणजे कुठली ओळ कुठे चाललीय ते कळतं. काळे मणी तर मुळीच नको, रात्रीच्या दिव्यात भोकच दिसत नाही.

प्रश्न : गोल पिळाची दोरी विणतेय. चारपाच बोटं लांबी झाली की सुई मण्यात अडकते, जोर लावला तर मणी फुटतो. सुई बदलू का?

उत्तर : सुई 10 नंबरची असेल तर 12ची, म्हणजे आणखी बारीक, घेऊन बघा, थोडा फरक पडेल. पण खरी भानगड मधल्या, म्हणजे दोरीच्या गाभ्यातल्या मण्यांची आहे. या विणीत दर वेळी एक मधला आणि तीन बाहेरचे मणी घेऊन सुई वरच्या चार मधल्या मण्यांतून (नवा धरून) काढतो, म्हणजे हिशोब केला तर प्रत्येक मधल्या मण्यात दोरा ओवताना एकदा आणि नंतर चारदा, असा 5 वेळा जातो, शिवाय शेवटी टोकं लपवायची असतात ती वेगळीच. भोक भरणारच. म्हणून मधले 8 नंबरचे आणि बाहेरचे 11चे घ्या, पीळ पण उठून दिसतो. अडकलेली सुई पकडीने ओढू नका. मी एकदा ओढली होती, बरोबर मधला मणी गेला आणि सगळी संध्याकाळ त्यात गेली.

प्रश्न : क्रिस्टल घातलेली माळ दोनदा तुटली. दोरा कच्चा असेल का?

उत्तर : क्रिस्टलच्या भोकाच्या कडा धारदार असतात, नायलॉनचा दोरा घासून घासून तुटतो. मासेमारीला वापरतात तो विणलेला दोरा घ्या आणि क्रिस्टलच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक मणी घाला, म्हणजे दोरा कडेवर वाकत नाही. आणि घालून झोपू नका हो!