रोमन वक्तृत्वशास्त्र वाचायला घेताय? क्विंटिलियनपासून सुरुवात करा

रोमन वकील आणि वक्ता सिसेरो याची भाषणं आधी हातात घेऊ नका. खटल्यांचे संदर्भ माहीत नसले की दहा पानांत कंटाळा येतो. त्याऐवजी वक्तृत्वाचा रोमन शिक्षक क्विंटिलियन याचा इसवी सन 95च्या सुमाराचा 'इन्स्टिट्यूशिओ ओरातोरिया' हा वक्त्याच्या शिक्षणावरचा ग्रंथ घ्या. बारा भाग आहेत, पण घाबरू नका, सगळे ओळीने वाचायचे नाहीत.

पहिला भाग मात्र सावकाश वाचा. वक्ता घडवायचा तर हा माणूस सुरुवात करतो थेट दाईपासून: तिची भाषा शुद्ध हवी, कारण मूल पहिलं बोलणं तिचंच ऐकतं. अक्षरओळखीसाठी हस्तिदंती अक्षरं खेळायला द्या म्हणतो. आणि मारण्याला त्याचा स्पष्ट विरोध आहे. रोमन शाळेत छडी रोजचीच होती, म्हणून हे पान मला फार मोलाचं वाटतं.

मग एकदम दहाव्या भागावर जा. कोणते लेखक का वाचावेत, हे त्यात आहे. अकराव्यात स्मरणशक्तीची पद्धत येते: ओळखीचं घर डोळ्यांसमोर आणायचं, नौकानयनाचा मुद्दा असेल तर दारात जहाजाचा नांगर ठेवायचा, युद्धाचा असेल तर पुढच्या खोलीत शस्त्र. स्वतःच्या घरावर करून बघा, नुसतं वाचून कळत नाही. टोगा (रोमन पुरुषांचं अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र) कसा नेसावा हेही तिथंच सापडेल!

तिसरा ते नववा भाग तांत्रिक आहे, सध्या बाजूला ठेवा. त्याआधी सिसेरोचा 'दे ओरातोरे' (इसवी सन पूर्व 55) वाचून घ्या. संवादरूप असल्यामुळे तो पटकन पुढे सरकतो.